पर्यावरण अभियंता होण्यासाठी कोणते शिक्षण आणि कोणते प्रशिक्षण लागते?

बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. पर्यावरण अभियंता होण्यासाठी पदवी नेमकी कोणत्या शाखेची घ्यावी, एम.टेक. केल्यावाचून या क्षेत्रात उभे राहता येते का, आणि पदवीच्या पलीकडे आणखी कोणते प्रशिक्षण घ्यावे लागते? माझी बहुतेक नोकरी पाणी आणि सांडपाणी यांच्या शुद्धीकरणात गेली असल्यामुळे उत्तरातील उदाहरणे त्याच कामातली आहेत आणि प्रवेशाविषयीची माहिती महाराष्ट्रापुरती आहे. माझे मत आधीच सांगतो. पदवीच्या नावाला विद्यार्थी आणि पालक जेवढे महत्त्व देतात, तेवढे ते नाही. चालू असलेल्या शुद्धीकरण केंद्रावर पावसाळ्यासह एक संपूर्ण वर्ष काढणे याला मात्र त्यांच्या हिशेबात कुठेच जागा नसते, आणि माझ्या अनुभवात या क्षेत्रातले चांगले अभियंते त्या वर्षानेच घडलेले आहेत.

प्रथम पदवीचा प्रश्न. पर्यावरण अभियांत्रिकी या नावाची चार वर्षांची पदवी देशात मोजक्याच ठिकाणी मिळते. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी आणि धनबादची आयआयटी येथे ती आहे, आणि महाराष्ट्रात कोल्हापूरच्या केआयटी महाविद्यालयाने हा विषय पदवी पातळीवर दीर्घकाळ शिकवला आहे. अशा ठिकाणी प्रवेश मिळत असेल तर तो जरूर विचारात घ्यावा. तरीही बहुतेक विद्यार्थ्यांना मी स्थापत्य अभियांत्रिकी सुचवतो, आणि रसायनशास्त्राची खरी ओढ असलेल्यांना रासायनिक अभियांत्रिकी. महाराष्ट्र अभियांत्रिकी सेवा, जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषदांचे ग्रामीण पाणीपुरवठा विभाग आणि महानगरपालिका यांच्या अभियंता पदांच्या जाहिरातींत मुख्यतः स्थापत्य पदवी मागितलेली असते, आणि वेगळ्या नावाच्या पदवीला समकक्षता मिळवण्यात उमेदवाराची वर्षे वाया जाऊ शकतात. शिवाय या व्यवसायाचा निम्मा भाग नळ, टाक्या, पंप, उतार आणि काँक्रीट यांचाच आहे, आणि तो स्थापत्य शाखेत पक्का होतो. रासायनिक शाखेतून आलेला अभियंता औद्योगिक सांडपाण्याच्या प्रक्रियेत पुढे राहतो, कारण अभिक्रियेचा वेग, वस्तुमानाचा ताळेबंद आणि ऊर्ध्वपातन हे त्याच्या रोजच्या अभ्यासातले विषय असतात. ज्यांच्या मनात प्रदूषण नियंत्रण मंडळातील पद आहे, त्यांनी मागील भरतीची जाहिरात मिळवून त्यातील पात्रतेचा परिच्छेद पदवी निवडण्यापूर्वीच वाचावा.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन एमएचटी-सीईटी किंवा जेईई हा रूढ मार्ग झाला. दहावीनंतर स्थापत्याची तीन वर्षांची पदविका करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाण्याचा मार्गही तितकाच चांगला आहे, कारण पदविकेतून आलेल्या मुलांना सर्वेक्षण आणि आराखडा वाचन हाताने येते. पर्यावरणशास्त्रातील बी.एस्सी. ही मात्र अभियांत्रिकीची पदवी नव्हे. ती घेऊन प्रयोगशाळा, सर्वेक्षण आणि पर्यावरण आघात मूल्यांकन (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास) यांत उत्तम काम करता येते. परंतु ज्या पदाला अभियांत्रिकीची पदवी आवश्यक आहे, ते पद त्यावर मिळत नाही, आणि ही गोष्ट अनेकांना तिसऱ्या वर्षी कळते, म्हणून ती येथे स्पष्ट लिहितो.

पदवीच्या चार वर्षांत ज्या विषयांकडे दुर्लक्ष केल्यास पुढे भरपाई होत नाही, ते म्हणजे द्रवगतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र. स्थापत्यच्या विद्यार्थ्याला सूक्ष्मजीवशास्त्र परके वाटते आणि तो ते परीक्षेपुरते उरकतो. परंतु सांडपाण्याचे शुद्धीकरण प्रत्यक्षात जिवाणू करतात, आणि अभियंत्याचे काम त्यांना अन्न, हवा आणि वेळ योग्य प्रमाणात पुरवण्याचे आहे, हे एकदा समजले की त्या विषयाला वेगळा अर्थ येतो. गणिताची भीती असणाऱ्यांना सांगावेसे वाटते की रोजच्या आकडेमोडीत अवघड असे काही नसते. ५० हजार वस्तीच्या गावाला माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले तर ६७.५ लाख लिटर पाणी लागते, त्याचे सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, म्हणजे केंद्रावर रोज ५४ लाख लिटर येईल. अवघड भाग यापुढचा असतो. ते पाणी चोवीस तासांत सारखे येत नाही, सकाळी दोन-तीन तास त्याचा लोंढा येतो, पावसाळ्यात गटारात पावसाचे पाणी शिरते, आणि अर्ध्या गावाची गटारे अजून जोडलेलीच नसतात. या वास्तवाला धरून टाकी किती मोठी करायची, याचा निर्णय सूत्र देत नाही, तो अभियंत्याला घ्यावा लागतो.

प्रयोगशाळेचा विषय मी जरा विस्ताराने घेतो, कारण महाविद्यालयांत तो सर्वांत दुबळा राहिलेला आहे. बीओडीची, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात याची, चाचणी प्रत्येकाच्या जर्नलमध्ये असते, परंतु ती स्वतःच्या हाताने पूर्ण केलेला विद्यार्थी क्वचित भेटतो. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ६ मिलिलिटर सांडपाणी घ्यायचे, हवा भरलेल्या विरलन पाण्याने ती बुडबुडा न राहता भरायची, आणि २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवायची. पूर्वी आपल्याकडेही २० अंश आणि पाच दिवस हीच रीत होती. आपल्या हवामानाला जवळच्या तापमानात अभिक्रिया अधिक वेगाने होते, म्हणून तीन दिवसांची पद्धत स्वीकारण्यात आली. पहिल्या दिवशी आणि तिसऱ्या दिवसानंतर विरघळलेला प्राणवायू मोजताना मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घातल्यावर तपकिरी साका तयार होतो, आम्ल घातल्यावर तो विरघळून पिवळा रंग येतो, आणि स्टार्च घालून थायोसल्फेटने निळा रंग नाहीसा होईपर्यंत थेंब मोजायचे असतात. समजा प्राणवायू लिटरला ७.८ मिलिग्रॅमवरून ३.८ वर आला आणि नुसत्या विरलन पाण्याच्या बाटलीत ०.२ ने उतरला, तर ४ मधून ०.२ वजा करून उरलेल्या ३.८ ला ५० ने (३०० भागिले ६) गुणून बीओडी १९० मिलिग्रॅम प्रतिलिटर येतो.

हे हाताने केलेल्या अभियंत्याला अहवाल वाचता येतो. बाटलीतला प्राणवायू शून्यावर गेला असेल तर तो आकडा निरुपयोगी आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. एकाच नमुन्याच्या अहवालात बीओडी १९० आणि सीओडी (तीच घाण रसायनांनी जाळायला लागणारा प्राणवायू) १५० लिहिलेला दिसला, तर तो सही करण्यापूर्वी थांबतो, कारण सर्वसाधारण सांडपाण्यात सीओडी हा बीओडीपेक्षा जास्तच असतो. नमुना कुठून, किती वाजता, कोणत्या बाटलीत घेतला आणि तो बर्फात ठेवून आणला की दुपारभर गाडीत तापला, हे प्रश्नही त्यालाच सुचतात. असे अशक्य आकडे असलेले आणि रीतसर शिक्के मारलेले अहवाल मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या आधारावर संयंत्रे उभी राहिलेलीही पाहिली आहेत. म्हणून पदवीच्या काळातील एक सुट्टी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, विद्यावेतन मिळो वा न मिळो, अवश्य काढावी.

आता एम.टेक. विषयी. पाणीपुरवठा व मलनिस्सारणाच्या बांधकामात आणि देखभालीत जायचे असेल तर स्थापत्य पदवीवर काम सुरू करता येते, आणि अनेक उत्तम अभियंत्यांनी तसेच केले आहे. प्रक्रियेचा आराखडा स्वतः करायचा असेल, सल्लागार संस्थेत जबाबदारीचे पद हवे असेल किंवा संशोधनात जायचे असेल, तर मात्र पर्यावरण अभियांत्रिकीतील पदव्युत्तर शिक्षण आवश्यकच समजावे. मुंबईची आयआयटी आणि व्हीजेटीआय, नागपूरची व्हीएनआयटी आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय ही या विषयाची जुनी ठिकाणे आहेत. नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ साली तिला आजचे नाव मिळाले. संशोधनाची आवड असणाऱ्याने तेथे प्रकल्प करण्याची संधी सोडू नये. एम.टेक.च्या प्रवेशासाठी मुख्यतः गेट परीक्षा द्यावी लागते. २०२१ पासून त्यात पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, मात्र स्थापत्यच्या प्रश्नपत्रिकेतही हा विषय असल्याने स्थापत्यच्या विद्यार्थ्याने दोन्हींचा विचार करावा. गेट उत्तीर्ण होऊन प्रवेश घेतल्यास मान्यताप्राप्त संस्थांत दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, त्यामुळे घरची परिस्थिती बेताची आहे एवढ्याच कारणाने हा मार्ग बंद समजू नये. पदवीनंतर लगेच एम.टेक. करण्यापेक्षा मध्ये एक-दोन वर्षे नोकरी केलेली मला अधिक पसंत आहे. असा विद्यार्थी वर्गात काय विचारायचे ते ठरवूनच आलेला असतो.

ज्या प्रशिक्षणावर मी सुरुवातीला भर दिला, ते वर्ष प्रत्यक्षात कसे असते, हे सांगणे आता आवश्यक आहे. सांडपाणी केंद्रावर रोज सकाळी एअरेशन टँकमधील (जिवाणूंना हवा पुरवणाऱ्या टाकीतील) मिश्रण एक लिटरच्या मोजपात्रात भरून अर्धा तास स्थिर ठेवतात. स्लज, म्हणजे जिवाणूंचा गाळ, २५० मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बसला आणि त्या मिश्रणात घन पदार्थ लिटरला अडीच ग्रॅम असले, तर २५० ला अडीचने भागून गाळाच्या आकारमानाचा निर्देशांक १०० येतो आणि केंद्र निरोगी आहे असे समजतात. तेवढ्याच घन पदार्थांना तो ७०० च्या खुणेवर थांबला, तर तंतुमय जिवाणू माजले आहेत आणि काही दिवसांत क्लॅरिफायरवरून (गाळ बसवण्याच्या टाकीवरून) गाळ वाहू लागणार आहे. कारण हवेची कमतरता, अन्नाची कमतरता, नत्र-स्फुरदाचा अभाव किंवा कुजलेले सांडपाणी यांपैकी काहीही असू शकते, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. पुस्तकात हे सगळे एका पानावर मावते. प्रत्यक्षात मात्र लॉगबुकाची मागील पाने उलटावी लागतात, ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र) रात्री किती तास बंद होता हे ऑपरेटरकडून विश्वासाने काढून घ्यावे लागते, आणि वीजबिल कमी दिसावे म्हणून तो बंद ठेवण्याचा आदेश वरून आला होता हे उमगल्यावर त्या आदेशाविरुद्ध लेखी टिपण द्यावे लागते. ब्लोअर हा अशा केंद्राच्या वीजबिलातला सर्वांत मोठा वाटा असतो, त्यामुळे हा प्रसंग प्रत्येक अभियंत्यावर केव्हा ना केव्हा येतोच.

पश्चिम महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना साखर कारखान्याचे ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) जवळ असते आणि शिकण्यासाठी त्यापेक्षा चांगली जागा नाही. गाळप थांबल्यावर तेथील जिवाणूंना अन्न उरत नाही, म्हणून हंगामाच्या तोंडावर शेण आणि दुसऱ्या केंद्रातला जिवंत स्लज आणून ते पुन्हा वाढवावे लागतात. साखरेच्या सांडपाण्यात कार्बन भरपूर आणि नत्र-स्फुरद कमी असल्याने युरिया आणि डीएपी बीओडी, नत्र व स्फुरद यांच्या १००:५:१ या प्रमाणाकडे लक्ष ठेवून टाकावे लागते. शेजारच्या डिस्टिलरीतील स्पेंटवॉशचा (मद्यार्क काढून उरलेल्या सांडपाण्याचा) सीओडी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो, त्यामुळे त्यावर आधी बायोगॅसची प्रक्रिया आणि नंतर बाष्पीभवन किंवा ज्वलन यांचा विचार करावा लागतो. ओढ्यात सोडलेले असे पाणी खालच्या गावांच्या विहिरींपर्यंत पोहोचते, आणि ते पाणी ज्यांना प्यावे लागते त्यांना अभियंत्याच्या अडचणींशी काही घेणेदेणे नसते.

जलशुद्धीकरण केंद्रावर हाच धडा जूनमध्ये मिळतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर जॅकवेलमधून (नदी-धरणाचे पाणी उचलण्याच्या विहिरीतून) येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा काही तासांत अनेक पटींनी वाढतो आणि आदल्या दिवशीची तुरटीची मात्रा निरुपयोगी ठरते. सहा चंचुपात्रांत वेगवेगळी मात्रा घालून एक मिनिट जोरात, मग पंधरा-वीस मिनिटे हळू ढवळायचे, अर्धा तास थांबायचे, आणि ज्या सर्वांत कमी मात्रेला वरचे पाणी नितळ झाले ती निवडायची. ही जार टेस्ट पावसाळ्यात दिवसातून अनेकदा करावी लागते. तुरटीने पाण्याची अल्कता घटते, म्हणून मात्रा वाढवताना सामू तपासून चुना द्यावा लागतो, हेही तेथेच अंगवळणी पडते. केवळ डिसेंबर-जानेवारीत सहा आठवड्यांची इंटर्नशिप केलेल्याने यातले काहीही पाहिलेले नसते. त्याने नितळ पाण्याचे केंद्र पाहिलेले असते, आणि तेवढ्यावर तो प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो.

सुरक्षेचे प्रशिक्षण कोणत्याही अभ्यासक्रमात पुरेसे नाही आणि ते स्वतःहून मागून घेतले पाहिजे. मॅनहोलमधील हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला येतो, परंतु प्रमाण वाढल्यावर नाकाची जाणीवच नष्ट होते, म्हणून वास येत नाही याचा अर्थ जागा सुरक्षित आहे असा कधीही घेऊ नये. वायुमापक यंत्राने तपासल्याशिवाय, प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असताना, आणि वर दोर धरणारा माणूस नसताना कोणालाही आत उतरवायचे नाही. २०१३ च्या कायद्याने गटारे व सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईसाठी माणसे उतरवण्यास बंदी घातली असूनही दरवर्षी माणसे गुदमरून मरतात. त्यांतील पुष्कळसे कंत्राटी कामगार असतात, आणि त्यांना आत जाण्यास सांगणारा माणूस बहुधा प्रशिक्षण न घेतलेला असतो. क्लोरीनचा टोनर (मोठा सिलिंडर) गळू लागल्यास वाऱ्याच्या उलट दिशेने आणि उंच जागी जायचे, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो. हे पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावे.

कायद्याचा अभ्यासही प्रशिक्षणाचा भाग आहे. १९७४ चा जल कायदा, १९८१ चा वायू कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि २००६ ची आघात मूल्यांकन अधिसूचना मूळातून वाचावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाने एखाद्या उद्योगाला किंवा गृहसंकुलाला दिलेले संमतीपत्र पहिल्या अटीपासून शेवटपर्यंत वाचून प्रत्येक अट जागेवर जाऊन ताडून पाहावी. सांडपाणी नदीनाल्यात सोडण्याच्या सर्वसाधारण मानकांत बीओडीची मर्यादा ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, अनेक नव्या संमतीपत्रांत ती १० असते. ३० साठी बांधलेल्या टाकीतून १० चे पाणी कागदोपत्रीच निघू शकते. हा फरक मालकाला शांतपणे आणि आकड्यांनिशी समजावून सांगणे हे कौशल्य आहे, आणि ते नियमांच्या अचूक माहितीवाचून येत नाही. आघात मूल्यांकनाच्या कामात तज्ज्ञ म्हणून नाव लागण्यासाठी संबंधित विषयाची पदवी आणि अनुभव दोन्ही पाहून नॅबेट या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता दिली जाते, हेही लक्षात ठेवावे.

हवा आणि घनकचरा या उपशाखांना येथे न्याय देता येत नाही. हवेच्या कामात धुराड्यावर चढून नमुना घ्यावा लागतो आणि हवामानशास्त्राचा पाया लागतो. घनकचऱ्यात अभियांत्रिकीइतकेच नगरपालिकेचे आर्थिक व्यवहार आणि कचरा वेचकांचे जीवन समजून घ्यावे लागते. संगणकाच्या बाबतीत आराखड्यांसाठी ऑटोकॅड, नकाशांसाठी क्यूजीआयएस आणि जलवाहिन्यांसाठी ईपॅनेट यावे. शेवटची दोन मोफत मिळतात आणि घरी बसून शिकता येतात. नोकरीत असलेल्यांना जीवन प्राधिकरणाच्या नाशिक येथील मित्रा संस्थेत पाणीपुरवठा व स्वच्छतेचे अल्पकालीन वर्ग मिळतात.

परदेशाचा विचार असल्यास एवढे पुरे की भारतात या व्यवसायासाठी वैयक्तिक परवाना सक्तीचा नाही, अमेरिकेत मात्र आराखड्यावर स्वतःच्या जबाबदारीने सही करण्यासाठी एफई (पायाभूत) आणि पीई (व्यावसायिक) या परवान्याच्या दोन परीक्षा आणि साधारणतः चार वर्षांचा अनुभव लागतो. २०१४ पासून भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा) पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा लाभ एनबीएचे (राष्ट्रीय मानांकन मंडळाचे) टियर-१ मानांकन असलेल्या पदव्यांनाच मिळतो. त्यामुळे महाविद्यालय निवडताना त्या शाखेला असे मानांकन आहे का, ते विचारावे.

विद्यार्थिनीने शेवटी घरच्यांची एक शंकाही कळवली आहे: मुलीला साइटवर आणि रात्रपाळीत काम जमेल का? आज प्रयोगशाळा, आराखडा, प्रदूषण नियंत्रण मंडळातील क्षेत्रीय पदे आणि प्रत्यक्ष केंद्रे अशा सर्व ठिकाणी स्त्रिया काम करत आहेत. अडचण त्यांच्या क्षमतेची नाही. अनेक जुन्या केंद्रांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसते आणि रात्री घरी परतण्यासाठी वाहन नसते. मुलाखतीत हे दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत आणि उत्तर नियुक्तीपत्रात मागावे.

पहिले पाऊल म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षी महाविद्यालयाच्या पत्रासह आपल्या नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडे अर्ज करावा, आणि त्यात १ जून ते ३१ जुलै अशी मुदत स्पष्ट मागावी. परीक्षा किंवा तासिका आड येत असतील तर विभागप्रमुखांकडून निदान शनिवार-रविवारची परवानगी घ्यावी. पहिले काही दिवस फक्त ऑपरेटरबरोबर राहावे, त्याच्याकडून व्हॉल्व्ह फिरवणे, फिल्टर बेडचे बॅकवॉश आणि क्लोरीनची मात्रा लावणे शिकावे, आणि दर तासाची लॉगबुकातील नोंद आपल्या वहीतही करावी. अर्जाला उत्तर आले नाही तर प्रत घेऊन कार्यकारी अभियंत्यांना प्रत्यक्ष भेटावे. शिकायला आलेल्या मुलामुलींना ते सहसा परत पाठवत नाहीत.